संशोधनासाठीं द्रव्य मागण्याची विद्या

विद्येसाठीं द्रव्य मागणें आपल्या समाजास नवीन नाहीं. माधुकरी मागून शिकलेला एखादा तरी विद्वान् प्रत्येक कुळाच्या आठवणींत असतो. श्रावणमासांतील दक्षिणेसाठीं पेशव्यांच्या पुण्यांत दूरदूरचे शास्त्री येत व परीक्षा देऊन दक्षिणा घेत. पुढें त्याच दक्षिणेच्या रकमेंतून १८२१ सालीं पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली. असें असूनही आज एखाद्या सुशिक्षित घरांतील डॉक्टर मुलानें किंवा आहारतज्ज्ञ सुनेनें संशोधनाच्या अनुदानासाठीं अर्ज करण्याची गोष्ट काढली, कीं वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. 'चाललेलें काम सोडून हें हात पसरणें कशाला ?' असा प्रश्न निघतो. या महिन्यांत आम्ही या प्रश्नाचा विचार मधुमेहाच्या संबंधानें करणार आहों. कारण हा रोग आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं केव्हांच पाट मांडून बसला आहे, आणि त्याविषयींचे कित्येक प्रश्न अद्यापि कोणीं नीट विचारलेलेही नाहींत.

रोगाचा विस्तार किती तें प्रथम पाहूं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्यानें २००८ ते २०२० या काळांत ३१ राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत मिळून १,१३,०४३ प्रौढांची पाहणी झाली. तिचा निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें प्रौढांपैकीं शेंकडा ११.४ मधुमेही, म्हणजे सुमारें १० कोटि १० लक्ष माणसें. आणखी १३ कोटि ६० लक्ष लोक या रोगाच्या उंबरठ्यावर. इतक्या लोकांस रोज पाहणारे कोण ? गांवचा डॉक्टर, रुग्णालयांतील परिचारिका, आहाराचा तक्ता लिहून देणारी बाई, पायाची जखम धुऊन बांधणारा कर्मचारी. त्यांस जें दिसतें तें प्रयोगशाळेंत बसलेल्या पंडितास दिसत नाहीं. परंतु दिसलेली गोष्ट लिहून काढून 'हें तपासण्याजोगें आहे' असें कोणीं म्हटलें नाहीं, तर ती त्या दवाखान्याच्या चार भिंतींतच विरून जाते. संशोधनाचा अर्ज म्हणजे ती गोष्ट भिंतींबाहेर नेण्याची रीत होय.

मधुमेहाच्या इतिहासांतील सर्वांत फलदायी विनंती तोंडी झाली होती. १९२० च्या नोव्हेंबरांत फ्रेडरिक बँटिंग नांवाचा २८ वर्षांचा शस्त्रवैद्य कॅनडांतील टोरांटो विद्यापीठाचे प्राध्यापक मॅक्लिऑड यांस भेटावयास गेला. त्याचा दवाखाना नीट चालत नव्हता. मधुमेहाचा विशेष अभ्यासही त्यानें केलेला नव्हता. जवळ होती ती एक कल्पना. स्वादुपिंडाची नलिका बांधून टाकली असतां पाचकरस तयार करणारा भाग क्षीण होईल, आणि मग उरलेल्या भागांतून साखर आवरणारें द्रव्य निर्मळ काढतां येईल, असें त्याचें म्हणणें. मॅक्लिऑडसाहेबांनीं पुष्कळ शंका काढल्या. परंतु अखेर उन्हाळ्यापुरती प्रयोगाची जागा, कांहीं कुत्रे आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी साहाय्यक एवढें दिलें. १९२१ च्या मे महिन्यांत काम सुरू झालें. बँटिंगला त्या उन्हाळ्यांत वेतन नव्हतें. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास पहिलें इंजेक्शन दिलें. औषध अशुद्ध असल्यामुळें त्याचा उपयोग झाला नाहीं. जेम्स कॉलिप यानें तें शुद्ध केल्यावर २३ जानेवारीस पुन्हां दिलें, आणि मुलाच्या रक्तांतील साखर उतरली. १९२३ सालीं बँटिंग व मॅक्लिऑड यांस नोबेल पारितोषिक मिळालें. एकानें आपली अर्धी रक्कम बेस्टला दिली, दुसऱ्यानें कॉलिपला.

या कथेंत ध्यानीं धरण्यासारखी गोष्ट अशी कीं, नलिका बांधण्याची ती मूळ युक्ति पुढें अनावश्यक ठरली. उत्तर चुकलें तरी प्रश्न मात्र खरा होता, आणि तो योग्य दाराशीं जाऊन विचारला गेला. बँटिंगपाशीं तळमळ होती, मॅक्लिऑडपाशीं साधनें व शंका होत्या, कॉलिपपाशीं रसायनाचें कौशल्य होतें. संकोचानें तो शस्त्रवैद्य आपल्या गांवींच बसता, तर हीं तिन्हीं एकत्र येतीं ना.

आतां विनंती तोंडी चालत नाहीं. छापील अर्ज असतो, त्याचे रकाने पुष्कळ, आणि तो वाचणारे परीक्षक अर्जदारास पाहिलेलेही नसतात. आमच्या पाहण्यांत असे कांहीं अर्ज आले. ते वाचतांना आम्हांस जुन्या शास्त्रग्रंथांची आठवण झाली. ग्रंथारंभीं ग्रंथकारानें चार गोष्टी सांगाव्या असा दंडक होता: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. यांसच अनुबंधचतुष्टय म्हणतात. रकाने किती कां असेनात, अर्जाचे खांब हेच चार. ते पक्के असले म्हणजे बाकीचें छप्पर त्यांवर बसतें.

पहिला खांब विषय. येथेंच नवख्याचा पाय घसरतो. आमच्या शेजारच्या घरची सून एका धर्मादाय रुग्णालयांत आहारतज्ज्ञ आहे. तिनें पहिल्या कागदावर 'स्त्रिया, आहार आणि मधुमेह' असा मथळा लिहून आणिला. आम्हीं विचारलें, "मुली, यांत प्रश्न कोठें आहे ? हा तर व्याख्यानाचा मथळा झाला." ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "काका, मला रोज एकच गोष्ट दिसते. नवरा-बायको दोघांसही मधुमेह; दोघांस मी सारखाच तक्ता लिहून देतें. नवरा आठ वाजतां जेवतो. बायको सगळ्यांचीं पानें उठल्यावर, मागचें आवरून, दहा वाजतां जेवते. आणि उरलेलें टाकवत नाहीं म्हणून दोन घास जास्तच खाते. तीन महिन्यांनीं त्याची साखर उतरते, तिची उतरत नाहीं." आम्ही म्हणालों, "हा झाला विषय. आतां हाच लिही."

तरी तो लिहावयास तिला दोन आठवडे लागले. अखेर कागदावर उतरला तो असा: 'घरांत सर्वांच्या शेवटीं जेवणाऱ्या मधुमेही स्त्रीचें रात्रीचें जेवण आठच्या आंत होऊं लागलें, तर पूर्ववत् उशिरा जेवणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेंत, सहा महिन्यांनीं तिच्या रक्तांतील साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरींत किती फरक पडतो ?' वाचकांनीं पाहावें, यांत कोण, काय, कोणाच्या तुलनेंत, कोणतें माप आणि किती काळ, या पांचांचीं उत्तरें एका वाक्यांत आलीं आहेत. पांचांपैकीं एक जरी गळलें, तरी परीक्षकाची लेखणी तेथेंच थांबते.

असा प्रश्न घराजवळून निघून किती दूर जाऊं शकतो, याचें उदाहरण पुण्यांतच आहे. चरकसंहितेंत प्रमेही मनुष्य दोन प्रकारचा सांगितला आहे: एक स्थूल व बलवान्, दुसरा कृश व दुर्बल. पाश्चात्य वैद्यकानें पुष्कळ काळ प्रौढांच्या मधुमेहाचा संबंध मुख्यत्वें स्थूलतेशीं जोडला. परंतु आपल्याकडे तरुण व सडपातळ दिसणारीं माणसेंही या रोगानें ग्रस्त होतात. असें कां, या प्रश्नाचा पाठपुरावा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं केला. १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू झाला. त्यास इंग्लंडांतील वेलकम ट्रस्टचें साह्य मिळालें. त्या खेड्यांतील नवजात अर्भकाचें वजन सरासरी सुमारें २.७ किलो भरलें, इंग्लंडांतील साउथॅम्प्टनच्या अर्भकाचें सुमारें ३.५ किलो. परंतु आपलें अर्भक स्नायूंत व पोटाच्या अवयवांत जितकें उणें, तितकें त्वचेखालच्या चरबींत उणें नव्हतें. वरून कृश, आंतून मेदयुक्त ! म्हणजे मधुमेहाचा कांहीं पाया आईच्या पोटांतच घातला जात असावा, हा विचार त्या खेड्यांतून जगापुढें गेला. सुरुवातीच्या प्रश्नांत यंत्र मोठें नव्हतें; वजनकांटा, टेप आणि चरबीची घडी मोजण्याचा चिमटा.

दुसरा खांब प्रयोजन. 'मधुमेह वाढत आहे' हें प्रयोजन नव्हे. तें तर प्रत्येक अर्जदार पहिल्या ओळींत लिहितो. उत्तर सांपडल्यावर कोणता डॉक्टर, कोणती परिचारिका किंवा कोणतें घर आपली रीत बदलील, हें सांगणें म्हणजे प्रयोजन. तें ठरविण्याचा एक चांगला मार्ग इंग्लंडांत निघाला आहे. तेथें २०१७ सालीं मधुमेही माणसें, त्यांचे आप्त व उपचार करणारे यांस एकत्र विचारून, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाविषयीं सर्वांत निकडीचे दहा प्रश्न निवडले. त्यांत पहिला आला तो असा कीं, हा रोग बरा करतां किंवा परतवितां येतो काय, आणि कोणत्या मार्गानें ? हा प्रश्न रुग्णाच्या तोंडचा आहे, हें सांगावयास नकोच.

प्रयोजनाची परीक्षा साध्या भाषेंतील सारांशानें होते. बहुतेक मोठ्या संस्था असा सारांश मागतात, आणि अर्जदार तो शेवटच्या रात्रीं घाईनें लिहितात. वस्तुतः तो सर्वांच्या आधीं लिहावा. इंग्लंडांतील 'डायबिटीज यूके' या संस्थेंत अर्ज शास्त्रज्ञ तर वाचतातच, शिवाय स्वतः मधुमेह असलेल्या लोकांचें एक मंडळही वाचून मत देतें. एकत्र कुटुंबांत असें मंडळ घरींच असतें. आजीला वीस वर्षें मधुमेह आहे, काकांस इन्सुलिन चालू आहे. त्यांस तो सारांश मराठींत वाचून दाखवावा. "म्हणजे तूं नक्की काय करणार ?" असें आजीनें विचारलें, तर सारांश पुन्हां लिहावा. "हें केलेंस तर मला काय कळेल ?" असें विचारलें, तर प्रयोजन पुन्हां लिहावें.

तिसरा खांब संबंध, म्हणजे प्रश्न आणि पद्धति यांची सांगड. यासाठीं न्यूकॅसलचें उदाहरण घेतों. तेथील प्राध्यापक रॉय टेलर यांनीं २००८ सालीं असें अनुमान मांडलें कीं, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह यकृतांत व स्वादुपिंडांत सांठलेल्या चरबीमुळें होतो, आणि ती चरबी उतरली तर रोगही मागें हटावा. अनुमान मोठें, पण पहिला प्रयोग लहान केला. ११ रुग्णांस आठ आठवडे दिवसाकाठीं सुमारें ६०० कॅलरींच्या आहारावर ठेवून त्या दोन अवयवांतील चरबी मोजली. २०११ सालीं निष्कर्ष आला: उपाशीपोटींची साखर एका आठवड्यांत उतरली, आणि आठ आठवड्यांत स्वादुपिंडाचें कामही सुधारलें. या कामास डायबिटीज यूकेचें साह्य होतें.

'असें घडूं शकतें काय ?' या प्रश्नास ११ माणसें पुरलीं. 'साध्या दवाखान्यांतून हें साधतें काय ?' या प्रश्नास तीं पुरलीं नसतीं. म्हणून टेलर व ग्लासगोचे प्राध्यापक माइक लीन यांनीं त्याच संस्थेकडे मोठा अर्ज केला. या वेळीं स्कॉटलंड व टाइनसाइड भागांतील ४९ दवाखाने घेतले. कोणत्या दवाखान्यानें नवा उपाय करावा व कोणत्यानें नेहमींचा, हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दैवावर सोडलें. प्रत्येक गटांत १४९ रुग्ण. उपाय देणाऱ्या होत्या त्या दवाखान्यांतील परिचारिका व आहारतज्ज्ञ. मोठे विशारद नव्हेत. २०१७ सालीं कळलें कीं, एका वर्षानंतर नव्या गटांत शेंकडा ४६ जण औषधावांचून मधुमेहाच्या मर्यादेखालीं आले, नेहमींच्या गटांत शेंकडा ४. दोन वर्षांनीं हें प्रमाण शेंकडा ३६ व ३ राहिलें. पुढें वजन परतलें तसतसें तें आणखी उतरलें, हेंही त्याच संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. २०२० सालीं इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेनें या धर्तीचा उपक्रम सुरू केला. (हें वाचून कोणीं घरच्या घरीं असे उपास आरंभूं नयेत. साखरेचीं औषधें चालू असतां आहार एकदम कमी केला, तर साखर जिवावर बेतण्याइतकी खालीं जाऊं शकते. तेथें प्रत्येक रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखालीं होता.)

यावरून अर्जदारानें घेण्याचा धडा असा. प्रश्न ज्या मापाचा, माणसें त्या मापाचीं. किती माणसें लागतील, हें अंदाजानें लिहूं नये. संख्याशास्त्र जाणणारास अर्ज लिहिण्यापूर्वींच गांठावें. काम झाल्यावर त्याच्याकडे आंकडे घेऊन जाणें म्हणजे घर बांधून झाल्यावर मिस्त्रीस पाया कसा असावा हें विचारणें होय. आणि पहिलाच अर्ज फार मोठा करूं नये. लहान कामाचा नीट हिशेब दिलेला मनुष्य मोठ्या अर्जांत विश्वासास पात्र होतो.

चौथा खांब अधिकारी. 'तूं कोण ?' हा प्रश्न अर्जांत सभ्य भाषेंत विचारलेला असतो. येथें पदव्यांची माळ पुरत नाहीं. रुग्ण तुझ्याकडे येतात काय, तुझ्या संस्थेची संमति आहे काय, आठवड्यांतील किती तास या कामास देशील, आणि ज्यांत तूं कच्चा आहेस त्यांत पक्का असलेला कोण सोबत आहे, हें परीक्षक पाहतात. नवख्यानें अनुभवी मार्गदर्शक जोडावा. परिचारिका व आहारतज्ज्ञ यांनीं 'आम्ही डॉक्टर नव्हों' म्हणून मागें राहूं नये. कित्येक योजनांस कोणतें शिक्षण लागतें हें प्रथम वाचावें, आणि जेथें मुख्य अर्जदार होतां येत नाहीं तेथें सह-अर्जदार व्हावें. या रोगांत स्वतः रुग्ण असणें हाही एक अधिकारच. डॉ. आर. डी. लॉरेन्स हे स्कॉटिश डॉक्टर स्वतः मधुमेही. १९२३ सालीं इन्सुलिन मिळालें म्हणून वांचले. १९३४ सालीं त्यांनीं आणि ग्रंथकार एच. जी. वेल्स (हेही मधुमेही) यांनीं जी मधुमेह्यांची संस्था काढली, तीच आजची डायबिटीज यूके. इंग्लंडांत नोकरी करणाऱ्या आपल्या डॉक्टरांनीं व परिचारिकांनीं तिच्या योजना अवश्य पाहाव्या.

आपल्या देशांत दारें कोणतीं ? सर्वांत जुनें दार भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचें. १९११ सालीं ती 'इंडियन रिसर्च फंड असोसिएशन' या नांवानें निघाली, १९४९ सालीं तिला आजचें नांव मिळालें. वैद्यकीय विद्यार्थ्यांस शिकत असतांनाच लहानसें संशोधन करण्यासाठीं तिची अल्पकालीन विद्यावृत्ति १९७९ पासून आहे. ज्या घरांत मुलगा वा मुलगी वैद्यकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षांत असेल, त्यांनीं ही गोष्ट टिपून ठेवावी. भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग व वेलकम ट्रस्ट यांनीं मिळून २००८ सालीं इंडिया अलायन्स ही संस्था स्थापिली. रुग्णसेवा करीत संशोधन करूं इच्छिणाऱ्या डॉक्टरांसाठीं तिनें निराळ्या अधिछात्रवृत्ति ठेविल्या. मधुमेहाचा अभ्यास करणाऱ्या भारतीय डॉक्टरांची संस्था, आर. एस. एस. डी. आय., १९७२ पासून आहे. तीही संशोधनास साह्य देते. प्रत्येक योजनेच्या अटी, रकमा व मुदती वेळोवेळीं बदलतात. म्हणून मित्राच्या सांगण्यावर न जातां त्या वर्षाचें मूळ सूचनापत्र अथपासून इतिपर्यंत वाचावें, आणि नंतर पुन्हां एकदां वाचावें.

परवानग्यांस वेळ लागतो, तो आधींच धरावा. माणसांवरील कोणतेंही संशोधन संस्थेच्या नीतिसमितीच्या मान्यतेवांचून करतां येत नाहीं. परिषदेनें २०१७ सालीं यासंबंधींचीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं आहेत. रुग्णाचें संमतिपत्र त्याच्या भाषेंत, त्यास समजेल असें लागतें. उपचारांची तुलना करावयाची असेल तर राष्ट्रीय नोंदवहींत आगाऊ नोंद करावी लागते. ही नोंदवही २००७ सालीं उघडली व २००९ पासून नोंद सक्तीची झाली. द्रव्य किंवा सहकारी परदेशचे असतील, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावें लागतें. हे अडथळे मानूं नयेत. रुग्ण हा साधन नव्हे, मनुष्य आहे, ही आठवण त्यांतून राहते.

हिशेबाच्या पानाविषयीं दोन शब्द. माणसांचें वेतन, तपासण्या, उपकरणें, प्रवास, किरकोळ खर्च व संस्थेचा वांटा, इतके भाग सामान्यतः असतात. प्रत्येक रकमेपुढें ती कां लागते हें लिहावें. फुगविलेला हिशेब परीक्षक ओळखतात. परंतु भीतीनें आक्रसलेला हिशेबही तितकाच घातक, कारण मध्येंच पैसा संपला तर ज्या रुग्णांनीं विश्वासानें रक्त दिलें त्यांचें देणें फुकट जातें. शेजारच्या त्या सुनेचे सासरे हिशेबनीस होते. आतां निवृत्त आहेत. आरंभीं ते म्हणाले होते, "आमच्या घराण्यांत कोणीं हात पसरला नाहीं." आम्हीं त्यांस सांगितलें, कीं पैसा सूनबाईच्या हातीं येत नाहीं; तो रुग्णालयाच्या खात्यांत जमा होतो, त्याची तपासणी होते, आणि कामीं लागल्याचें प्रमाणपत्र द्यावें लागतें. तेव्हां त्यांनीं हिशेबाचें पान मागून घेतलें. दुसऱ्या दिवशीं परत देतांना म्हणाले, "प्रवासखर्चांत पावसाळ्याचे चार महिने धरलेले नाहींत. त्या दिवसांत खेड्यांवर जावयास दुप्पट वेळ लागतो."

अर्ज नाकारला जाणें ही या मार्गावरील नित्याची गोष्ट आहे. योग्य अर्जही नाकारले जातात, कारण द्रव्य थोडें आणि मागणारे पुष्कळ. नकारासोबत परीक्षकांचे शेरे मिळाले, तर ते दोन दिवस बाजूस ठेवून मग वाचावे. त्या सुनेचा पहिला अर्ज परत आला. शेरा होता: 'एकत्र कुटुंबांत एकटी स्त्री आठ वाजतां कशी जेवेल ? वाढणार कोण ? घराची रीत बदलल्यावांचून तिची वेळ बदलणार नाहीं.' शेरा कठोर, पण अगदीं खरा. तिनें योजना बदलली. आतां चिठ्ठी एकेका स्त्रीच्या नांवाची नाहीं, एकेका घराची आहे. निवडलेल्या घरांत सर्वांनीं एका पंक्तीस बसावें, किंवा रात्रीचें वाढणें पाळीपाळीनें करावें, असें ठरविलें आहे. न्यूकॅसलच्या मंडळींनीं चिठ्ठ्या दवाखान्यांच्या नांवानें टाकल्या, त्याचें कारण याच जातीचें. दुसरा अर्ज सध्यां परीक्षकांपुढें आहे.

आतां घराचें कर्तव्य. अर्ज लिहावयास द्रव्य लागत नाहीं, वेळ लागतो; आणि एकत्र कुटुंबांत स्त्रीच्या वांट्यास सलग दोन तास येणें किती दुर्मिळ, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. घरांत कोणी असा अर्ज लिहीत असेल, तर मुदतीपूर्वींचा एक महिना तिच्या संध्याकाळचें काम इतरांनीं वांटून घ्यावें. नकार आला तर 'आम्हीं आधींच सांगितलें होतें' हें वाक्य गिळावें. आणि संशोधनांत भाग घेण्याचें बोलावणें आपल्याच दारीं आलें, तर संमतिपत्र सर्व वाचून, शंका विचारून, मोकळ्या मनानें होकार किंवा नकार द्यावा. 'आमच्यावर प्रयोग करितात' एवढ्याच शब्दानें दार लावूं नये. आज आपण जीं औषधें घेतों, तीं कोणा अनोळखी माणसानें असा होकार दिला म्हणूनच आपल्यापर्यंत पोंचलीं आहेत. उद्यां एखाद्या आहारतज्ज्ञ मुलीनें येऊन विचारलें, "आपल्या घरांत रात्रीं शेवटीं कोण जेवतें ?" तर त्या प्रश्नाचें उत्तर खरें द्यावें.